परसातलं झाड आजारी आहे का? दुकानात जाण्याआधी काय बघायचं

आमच्या मागच्या दारी कागदी लिंबाचं एक झाड आहे. चार वर्षांपूर्वी, शिमग्याच्या सुमारास, त्याची कोवळी पानं पिवळी पडायला लागली. पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या. मी एक पान तोडून खिशात घातलं आणि औषधांचं दुकान गाठलं. दुकानदाराने पानाकडे धड न बघता एक बुरशीनाशक आणि एक कीटकनाशक अशा दोन बाटल्या पुढे केल्या. दोन्ही मारली. झाड होतं तसंच राहिलं, फुलांवर येणाऱ्या मधमाश्या तेवढ्या दिसेनाशा झाल्या. खरं कारण सापडलं ते जूनमध्ये, आईमुळे. “त्या नव्या मशीनचं पाणी जातं कुठे रे?” तिने सहज विचारलं. वॉशिंग मशीन बसवणाऱ्याने नळी मोरीच्या भिंतीमागे सोडली होती, ती बरोब्बर लिंबाच्या आळ्यात. चार महिने झाड साबण पीत होतं.

लिंबाला रोग नव्हताच. साबणाच्या पाण्याने माती अल्कधर्मी झाली, आणि तसल्या मातीत लोह असलं तरी मुळांना ते उचलता येत नाही. नळी दुसरीकडे वळवली, आळ्यात भरपूर साधं पाणी सोडलं, शेणखत घातलं, हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, पाण्यात कालवून (लिटरला 5 ग्रॅम) पानांवर दोनदा फवारलं. गणपतीत आलेली पालवी हिरवी होती.

तेव्हापासून मी एक नेम धरला आहे. आधी झाडाभोवती फेरी, मग प्रश्न, औषध सगळ्यात शेवटी. परसात ज्याला आपण ‘रोग पडला’ म्हणतो त्यातलं बरंचसं पाण्याचं, मातीचं नाहीतर आपल्याच उपद्व्यापाचं असतं. उरलेलं खरोखर बुरशी, जिवाणू, विषाणू किंवा किडीचं. दोन्ही वेगळं कसं करायचं, ते खाली क्रमाने लिहिलं आहे. माझी झाडं कोकणातली, त्यामुळे आंबा आणि माड जास्त येतील. घाटावरच्यांनी आपल्या पेरू-कडुनिंबाला तीच रीत लावावी.

पायरी 1: धडधाकट झाड कसं दिसतं ते आधी बघून ठेवा

नवखा माणूस पहिल्यांदा घाबरतो तो बहुतेक वेळा निरोगी झाडालाच. हापूसची नवी पालवी तांबूस असते आणि फडक्यासारखी खाली लोंबते. ती सुकलेली नाही, पंधरा दिवसांत हिरवी होऊन ताठ होते. देशी बदामाची पानं लालभडक होऊन गळतात, तो त्याचा स्वभाव. कडुनिंब फाल्गुनात पानं झाडून टाकतो, म्हणून तर पाडव्याला आपल्याला कोवळा पाला मिळतो. थंडीत पेरूची पानं लालसर-जांभळट होतात. मोठा माड वर्षाला बारा-चौदा झावळ्या काढतो आणि जवळपास तेवढ्याच टाकतो. तेव्हा महिन्याला एखादी जुनी झावळी वाळून पडली तर ती पेटवायला न्यावी, काळजी करू नये. आंब्याच्या मोहोरात हजारो फुलं असतात, त्यातून बोटावर मोजण्याइतकी फळं टिकतात. वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा सडा पडला तरी तो रोग नव्हे.

खोडावर राखाडी-हिरवट, कागदाच्या चुरगळ्यासारखं काही चिकटलेलं दिसतं, त्याचं काय? ते दगडफुलाच्या जातकुळीतलं आहे. गोडा मसाल्यात पडतं त्याचाच चुलतभाऊ. सालीवर नुसतं बसून राहतं, झाडातून काही ओढून घेत नाही. ते खरवडायला कोणी माणूस लावत असेल तर पैसे वाचवा.

पायरी 2: फेरी मारा, आणि एकाच जागी उभं राहून फोटो काढा

पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी ऊन चढायच्या आत. सोबत एक भिंग, छोटा चाकू, पांढरा कागद आणि सायकलची एक जुनी तार. भिंग स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तेवढं पुरे. प्रत्येक झाडाचा फोटो दर वेळी त्याच जागेवरून काढा. झाड हळूहळू विरळ होत असेल तर रोज बघणाऱ्याला ते कळत नाही, तीन महिन्यांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की लगेच कळतं. पावसाळ्यात फेऱ्या वाढवा. बुरशीला ओल लागते आणि आपल्याकडे चार महिने दुसरं काही नसतंच.

पायरी 3: जवळ जाण्याआधी लांबून बघा

इथे दोनच प्रश्न विचारायचे, पण ते फार कामाचे आहेत.

एक: बिघाड एकाच फांदीला आहे की सगळ्या झाडाला? एकच फांदी वाळत असेल तर दोष त्या फांदीत किंवा तिच्या बेचक्यात शोधा. तिथे भोक, गाठ, जखम, बांडगूळ असं काहीतरी असतं. सगळं झाड एकदम मलूल झालं असेल तर खाली, मुळांकडे आणि बुंध्याकडे बघा.

दोन: शेजारची वेगळ्या जातीची झाडंही तशीच दिसताहेत का? रोग सहसा निवडक असतो. लिंबाचा खैऱ्या आंब्याला जात नाही, माडाचा कोंब कुजवणारा रोग तुमच्या शेवग्याला शिवत नाही. लिंबू, जास्वंद आणि खालची अळूची पानं एकाच कडेने करपली असतील, तर तिथे चुन्याचं पाणी, रंगाचा थिनर, तणनाशक, कचरा जाळल्याची धग यातलं काही गेलंय का ते तपासा. रंगकाम करणारे डबे कुठे धुतात याकडे एकदा लक्ष ठेवून बघा.

पायरी 4: पान हातात घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पान बहुतेक गोष्टी सांगून टाकतं, फक्त योग्य क्रमाने विचारायला हवं.

*जुनं पान की नवं?* फांदीच्या टोकाची पानं नवी, खालची जुनी. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात फिरती असतात. कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, घरातले वडीलधारे आपल्या ताटातलं पोरांना वाढतात तसं. म्हणून नत्र कमी पडलं की जुनी पानं आधी, सगळी सारखी पिवळी होतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेतही जुनीच पानं पिवळी पडतात, पण देठाकडे हिरवा त्रिकोण शिल्लक राहतो. लोह आणि जस्त असे सहजी फिरत नाहीत, म्हणून त्यांची तूट नव्या पानांवर उमटते. लोहाची म्हणजे हिरव्या शिरांची जाळी, माझ्या लिंबासारखी. जस्ताची म्हणजे पानं बारीक, अरुंद आणि शेंड्याला झुपक्यासारखी जवळजवळ आलेली. घाटावर चुनखडीच्या जमिनीत लिंबू-मोसंबीला ही दोन्ही दुखणी फार.

*दोन्ही अर्धी सारखी आहेत का?* पान मधल्या शिरेवर दुमडा आणि डावी बाजू उजवीशी ताडून बघा. अन्नद्रव्याची तूट दोन्ही बाजूंना जवळपास सारखी दिसते. लिंबूवर्गीय झाडाच्या पानावर पिवळे डाग वेडेवाकडे असतील, एका अर्ध्यावर इथे तर दुसऱ्यावर भलतीकडेच, तर सिट्रस ग्रीनिंगचा संशय घ्या. हा जिवाणूचा रोग आहे, सायला नावाचे बारीक किडे तो पसरवतात आणि त्यावर औषध नाही. अशा झाडाला खतं घालत बसण्यापेक्षा पान जाणत्याला दाखवावं.

*पुसलं जातं का?* बोट ओलं करा आणि डाग पुसा. पांढरी पिठूळ भुकटी पुसली गेली तर ती भुरी. आंब्याच्या मोहोरावर पौष-माघात, रात्री गारवा आणि दिवसा मळभ असं हवामान झालं की ती येते, आणि दोन-चार दिवसांत अख्खा तुरा पिठात बुडवल्यासारखा दिसतो. पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, 10 लिटरला 20 ग्रॅम, हा तिच्यावरचा जुना आणि स्वस्त उपाय. उन्हाच्या तडाख्यात मात्र मारू नका, पानं भाजतात.

काळा थर पुसला गेला, बोटाला काजळ लागलं, तर ती काजळी. इथे नवखे हमखास फसतात आणि काळ्या पानावर बुरशीनाशक मारत बसतात. ही बुरशी पानाच्या आत शिरतच नाही. वरून पडलेल्या गोड चिकट थेंबांवर ती वाढते. थेंब टाकणारे असतात तुडतुडे, पिठ्या ढेकूण, खवलेकीड नाहीतर पांढरी माशी. म्हणून काळं पान सोडून द्या आणि बरोब्बर त्याच्या वर जे पान आहे ते उलटं करून त्याची खालची बाजू बघा. चोर तिथे बसलेला असतो.

आमच्या माडाखालच्या कढीपत्त्यावर अशीच काजळी धरली होती. कढीपत्ता तीनदा धुतला. मग मान वर केली तर माडाच्या झावळ्यांच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणाची गोल-गोल नक्षी. ही चक्राकार पांढरी माशी भारतात पहिल्यांदा 2016 मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला सापडली आणि मग माडाच्या साऱ्या पट्ट्यात पसरली. तिच्यावर जहाल औषध मारू नये, कारण तिच्या पिल्लांत अंडी घालणारी एक चिमुकली गांधीलमाशी आपोआप येते, तीही औषधाने मरते. जमेल तिथे पाण्याचा जोरदार फवारा मारावा. पानावरची काजळी सुटायला 1 टक्का स्टार्चचं पाणी फवारतात. ते वाळलं की काजळीसकट पापुद्रे गळून पडतात.

चोर सापडत नसेल तर मुंग्यांच्या मागे जा. खोडावरून मुंग्यांची शिस्तीत रांग चालली असेल तर ती थांबते तिथे गोड रस आहे, म्हणजे कीड आहे. मुंग्या त्या किड्यांना शत्रूपासून राखतात, आपण गाई राखाव्या तसं. खोडाभोवती प्लास्टिकची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावलं की मुंग्यांचा रस्ता बंद होतो आणि किडीचा निम्मा जोर आपोआप ओसरतो. ग्रीस थेट सालीला लावू नका.

*पुसलं जात नाही, तर हाताला काय लागतं?* डोळे मिटून अंगठा फिरवा. लिंबाच्या पानावर खरखरीत, वर उचललेले तपकिरी पुटकुळ्यांसारखे ठिपके, भोवती पिवळं वलय, पानाच्या दोन्ही बाजूंना तेच आणि काडीवर-फळावरही तेच, तर तो खैऱ्या. जिवाणूचा रोग, पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो, आणि कागदी लिंबू त्याचा लाडका. लिंबाच्या कोवळ्या पानांत नागमोडी चंदेरी रेघा ओढणारी नागअळी असते, तिने केलेल्या जखमांतून तो सहज आत शिरतो. तेव्हा रेघा दिसल्या की खैऱ्या मागून येणार असं समजा. रोगट काड्या पावसाळ्यापूर्वी कोरड्या हवेत छाटून जाळा. भर पावसात छाटणी केली तर कात्रीच रोग वाटत फिरते.

आंब्याच्या पानावर सपाट, वेड्यावाकड्या कडांचे तपकिरी-काळे डाग, मध्ये पान फाटून भोकं पडलेली, तर करपा. मोहोरावर तो आला की तुरा काळा पडून गळतो. फळात तो कैरीपणी लपून बसतो आणि आंबा पेटीत पिकायला घातल्यावर काळे डाग होऊन वर येतो. बरेच जण तेव्हा पेंढ्याला दोष देतात. आणि त्याच पानावर टाचणीच्या डोक्याएवढे टणक फोड असतील तर तो रोगच नव्हे, मिजमाशीने पानात अंडी घातल्याच्या त्या खुणा.

कोवळा शेंडाच माना टाकून लोंबत असेल तर तो मोडून आत बघा. मध्ये पोकळ बोगदा आणि विष्ठा दिसली तर शेंडा पोखरणारी अळी. मोडून टाकलात तेव्हा उपायही झाला.

पपईची गोष्ट एका दमात सांगतो. पानं हिरवी-पिवळी ठिपकेदार, नवी पानं चिंचोळी होत सुतळीसारखी, देठावर तेलकट रेषा, फळावर गोल कडी, असं दिसलं की तो रिंगस्पॉट विषाणू. मावा पसरवतो, औषध नाही. झाड उपटा. जीव कळवळतो हे मान्य, पण ठेवलंत तर शेजाऱ्याचीही पपई जाईल.

पायरी 5: खोडाभोवती बसून फिरा

उभ्याने बघू नका, उकिडवे बसा. खोडावरच्या तीन गोष्टी शोधायच्या: भुसा, डिंक, आणि सालीखालचा रंग.

बुंध्याशी ओलसर भुसा पडलेला दिसला की आंब्याला किंवा फणसाला भिरूड लागला. पहिल्यांदा मला तो मुंग्यांनी उकरलेला वाटला होता आणि मी तो झाडूने काढून टाकत राहिलो. दीड महिना गेला. मग भुशाच्या वरच्या बाजूला चाकूने साल हलकीच खरवडली, तर करंगळी जाईल एवढं भोक. सायकलच्या तारेचं टोक वाकवून गळ केला आणि आत सारला. वीतभर गेल्यावर तार लिबलिबीत काहीतरी टोचून थांबली. ओढली तर पांढरट द्रव आला, आणि दुसऱ्या खेपेला बोटाएवढी जाड पांढरी अळी. ती बाहेर आल्यावर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा भोकात घालून वरून ओल्या मातीने लिंपायचं. जवळपास बिडी-काडी नको, हे सांगायला नको. आठ दिवसांनी पुन्हा तिथेच जाऊन बघा. नवा भुसा असेल तर आत आणखी एक पाहुणा आहे.

बेचक्यात भुशा-विष्ठेची जाळीदार चटई असेल तर ती साल खाणारी अळी. खराट्याने जाळी काढा, खालचं भोक शोधा, तोच उपाय.

डिंक सगळाच वाईट नसतो. शेवग्याला जखम झाली की डिंक येतोच. लिंबू, मोसंबी, संत्रं यांच्या बुंध्याशी, जमिनीलगत, डिंकाचे ओघळ दिसले तर मात्र तो डिंक्या. चाकूच्या टोकाने साल जराशी उचला. खाली तपकिरी, कुजकट असेल तर शंका नको. कारण जवळपास नेहमी एकच: आळ्यातलं पाणी खोडाला टेकतं, किंवा हौसेने बुंध्याशी मातीची भर घातलेली असते. कलमाचा सांधा मातीत गेला असेल तर माती ओढून काढा. आळं दुहेरी करा, खोडाजवळ मातीचं कोरडं कडं आणि पाणी त्याच्या बाहेरच्या चारीत. मग कुजलेली साल खरवडून तिथे बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद आणि चुन्याची, कृती शेवटी आहे).

फांदी मेली की झोपली हे कळत नसेल तर नखाने साल खरवडा. खाली हिरवं असेल तर जिवंत. तपकिरी, कोरडं असेल तर आणखी खाली खरवडत या. जिथे हिरवं लागेल त्याच्या जरा खाली कापा. पावसाळा सरता सरता कडुनिंबाचे शेंडे टोकाकडून वाळत येतात तेव्हा ही परीक्षा करून बघा. 2021 मध्ये तेलंगणात असंख्य कडुनिंब असे तपकिरी झाले होते, आणि झाड गेलं समजून कुऱ्हाड काढण्याची घाई तेव्हाही अनेकांना झाली. फांदीत हिरवं असेल तर त्याला पुढची पालवी फुटायची संधी द्या.

बांडगूळ कोणालाही ओळखता येतं: आंब्यावर आंब्याची नसलेली पानं, नळीसारखी तांबूस-केशरी फुलं, आणि फांदीला धरलेली गाठ. फुलटोच्या पक्षी त्याची फळं खाऊन चिकट बिया फांद्यांवर पुसतो. नुसता पाला ओरबाडलात तर ते परत फुटतं. गाठीच्या खाली फूटभर फांदीच कापावी, आणि फळं धरायच्या आत.

माडासाठी वेगळी फेरी

आंब्याची फांदी गेली तर दुसरी येते. माडाला वाढीचा कोंब एकच, तो कुजला की माड संपला. त्यामुळे बघायचं ते आधी वर, मधल्या न उघडलेल्या झावळीकडे, जिला सुई म्हणतात.

भर पावसाळ्यात सुई फिकी पडली, कलली, आणि ओढल्यावर सहज हातात आली, खालून कुबट घाण वास आला, तर कोंब कुजला आहे. खालच्या झावळ्या तेव्हाही हिरव्या असतात, म्हणून जमिनीवरून माड ठणठणीत वाटतो. लवकर कळलं तर कुजलेला भाग निरोगी गाभा लागेपर्यंत कापून तिथे बोर्डो पेस्ट लावतात आणि पाणी जाऊ नये असं झाकतात. उशिरा कळलं तर माड पाडायचा.

उघडलेली झावळी कात्रीने तिरकी कापल्यासारखी, पंख्यागत दिसली तर तो गेंड्या भुंगा. तो आत कोंबात असताना कातरतो, आपल्याला ते झावळी उलगडल्यावर दिसतं. त्याचं बाळंतघर तुमच्याच परसात असतं: शेणखताची उकिरडी, कुजलेले ओंडके. खत दोन-तीन महिन्यांतून उलथंपालथं करा, पांढऱ्या अळ्या कोंबड्यांना दाखवा. माडाच्या वरच्या बेचक्यांत डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घालतात.

सोंड्या भुंगा जास्त घातकी, कारण तो आतून पोखरतो. खोडावर भोकं, त्यातून तपकिरी रस, चघळलेले धागे. दुपारच्या शांत वेळी खोडाला कान लावा. अळ्या आत असल्या तर करकर खाल्ल्याचा आवाज येतो. आमच्याकडे नारळ पाडायला येणारा गडी चढण्याआधी कान लावतो, आणि मला आधी ती त्याची श्रद्धा वाटायची. हा भुंगा जखमेच्या वासाने येतो. म्हणून चढायला खोडाला खाचा पाडू देऊ नका, आणि हिरवी झावळी खोडालगत छाटू नका, अडीच हात तरी देठ ठेवा.

नारळावर देठाखाली फिका त्रिकोण, पुढे तो तपकिरी होऊन साल तडकते, नारळ बारीक राहतो, हे कोळी या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचं काम. 1998 मध्ये तो केरळात एर्नाकुलमला आढळला आणि मग आपल्या किनाऱ्यावर आला. नारळ दिसतो वाईट, खोबरं खाता येतं.

पायरी 6: माती उकरा

वरचं काहीच जुळलं नाही आणि झाड तरी खंगतंय, तर पाऊलभर उकरून बारीक मुळं बघा. पांढरी, मोडल्यावर कडक तुटणारी मुळं जिवंत. काळी, बुळबुळीत, साल ओढली की सुटून येणारी म्हणजे पाणी साचतंय. अंगणात पेव्हर ब्लॉक घालताना खोडापर्यंत सिमेंट नेलं असेल तर उत्तर तिथेच आहे, निदान दोन-तीन फुटांचा घेर मोकळा करून घ्या. पेरूची एक फांदी पिवळी पडून वाळते, मग दुसरी, आणि काही महिन्यांत सगळं झाड उभ्याने वाळतं, तो मर रोग. त्याच खड्ड्यात पुन्हा पेरू लावू नका.

जुन्या मोठ्या झाडाच्या बुंध्याशी लाकडासारखी कडक, फळीसारखी अळिंबी उगवली असेल तर आतलं लाकूड किंवा मुळं कुजताहेत. पानं हिरवी असली तरी असं झाड वादळात घरावर येऊ शकतं. इथे घरगुती उपाय करत बसू नये. शहरी भागात राहत असाल तर तोडण्याआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडं जपण्याच्या कायद्यानुसार ती स्वतःच्या आवारातल्या झाडालाही लागते.

औषध लागलंच तर

घरी एकच बुरशीनाशक बनवायला शिका: बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षमळ्यांचे मालक रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद आणि चुना फासायचे, वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. तेवढ्याच वेलींवर रोग नाही हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरलं आणि 1885 मध्ये ते प्रसिद्ध केलं. कैऱ्या चोरणाऱ्या पोरांवर चिडणाऱ्यांना ही गोष्ट आवडावी.

परसापुरतं 1 टक्का मिश्रण असं: 100 ग्रॅम मोरचूद 5 लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. लोखंडी भांडं नको. चुन्याचं पाणी ढवळून गाळून घ्या, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि काठीने ढवळत राहा. आकाशी रंग आला पाहिजे. लोखंडी खिळा त्यात क्षणभर बुडवा. तांबूस चढ आला तर चुना कमी आहे, आणखी घाला, नाहीतर पानं भाजतील. त्याच दिवशी वापरा. मोहोरावर आणि अगदी कोवळ्या पालवीवर नको. खोडाला लावायची पेस्ट याच्या दहापट दाट: एक लिटरला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना.

बारीक किडींना आमच्याकडे 5 टक्के निंबोळी अर्क चालतो. 10 लिटरसाठी अर्धा किलो वाळक्या निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, फडक्यातून गाळायच्या, थोडा साबणचुरा घालायचा आणि संध्याकाळी फवारायचं.

विकतचं घ्यावंच लागलं तर डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. परसात लाल-पिवळ्याला जागा नाही असं माझं मत आहे. कढीपत्ता आपण रोज फोडणीत टाकतो, त्यामुळे काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लेबलवर वाचल्याशिवाय त्याच्यावर आणि त्याच्या डोक्यावरच्या झाडावर काही मारू नका.

जाणत्याला विचारताना

किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र असतं, कोकणात दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे. फोटो पाठवायचे तर तीन पाठवा: पूर्ण झाड, बाधित फांदी, आणि पानाच्या दोन्ही बाजू अगदी जवळून. नुसत्या एका पिवळ्या पानावरून कोणालाच काही सांगता येत नाही. सोबत झाडाचं वय, दुखणं कधी दिसलं, पाणी किती आणि कुठून मिळतं, गेल्या महिन्यात काय-काय मारलं, हे सांगा.

पान प्रत्यक्ष न्यायचं असेल तर पूर्ण वाळलेलं नेऊ नका, अर्धं निरोगी आणि अर्धं बिघडलेलं असं न्या, कारण रोग त्या सीमेवर जिवंत असतो. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, वर्तमानपत्रात सैल गुंडाळा. पिशवीत वाटेतच दुसरी बुरशी धरते, आणि तपासणारा बिचारा तिलाच बघत बसतो.